पुलिया ते पांदण, शहाण्णव मीटर

वर्ध्याहून परत येऊन तीन आठवडे झाले. बँकेत, दवाखान्यात, भाजीच्या गाडीवर जो भेटतो तो विचारतो, "बाई, एवढ्या लांब गेला होता, काय काय बघितलं?" मी शहाण्णव मीटर डांबरी रस्ता बघितला, तोही टेप लावून. एवढं सांगितलं की लोक हसतात आणि विषय बदलतात. म्हणून मग सगळं लिहूनच काढायला बसले.

मी गणिताची शिक्षिका. एकतीस वर्षं साताऱ्यात आठवी ते दहावीला शिकवलं. वेग, वेळ आणि अंतर हा धडा तर इतक्या वेळा झाला की दोन गाड्या समोरासमोरून येताना दिसल्या की मी आजही मनात त्यांच्या वेगांची बेरीज करते. मुलं या शाब्दिक उदाहरणांना घाबरायची. मी त्यांना एकच सांगायचे, आधी चित्र काढा. चित्र नीट काढलं की उत्तर कुठे पळून जात नाही. मी तशी रागीट म्हणून प्रसिद्ध होते आणि चुकीचं उत्तर मला अजिबात खपत नसे.

प्रज्ञा माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे वडील सरकारी नोकरीत होते, त्यांची साताऱ्याला बदली झाली तेव्हा ती तीन वर्षं माझ्या वर्गात होती. आता ती वर्ध्याला वकिली करते आणि बोरगाव मेघेत राहते. तिचा फोन आला. "बाई, एक गणित आहे. कापसाचं एक झाड आणि वर दोन बोंडं, म्हणजे किती सेकंद?"

मी हसले. आता त्याची लाज वाटते, पण हसले खरी.

मग तिनं सांगितलं. तिचा चुलतभाऊ सुगत, वय चोवीस, देवळीत मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला होता. मागच्या वर्षी वेचणीच्या दिवसांत घरी परतताना शेतवाटेतून, तिकडच्या पांदणीतून, बाहेर आलेल्या ट्रॅक्टरवर आदळला आणि जागीच गेला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पोरगा ऐंशीच्या वेगानं आला. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. पोलिसांच्या कागदांत दोष सुगतचा ठरला. बघणारी एकच होती, त्याची आई शोभाकाकू, समोरच्या शेतात कापूस वेचत होती. कोर्टात तिनं सांगितलं की सुगत ओढ्यावरच्या पुलियावर आला तिथपासून धडकेपर्यंत तिचं एक झाड वेचून झालं आणि दुसऱ्याची दोन बोंडं. समोरच्या वकिलानं विचारलं, "एक झाड म्हणजे किती वेळ, बाई?" आणि सगळे हसले.

"मी पण आत्ता हसले," मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हाला बोलावते आहे. पुढच्या तारखेला मला सेकंदांत उत्तर हवंय."

मी तिला म्हटलं, पीक उभं असतानाच येईन. पांदणीच्या कडेच्या ज्या तुरीआडून ट्रॅक्टर आला, ती तेवढीच उंच असायला हवी.

बोरगाव मेघे, पहिला दिवस

रेल्वेतल्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी प्रज्ञानं तर्री पोहे खायला घातले. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात आणि लोक ते मुकाट्यानं खातात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वर तिनं गोरसपाक, म्हणजे वर्ध्याचं तुपातलं बिस्कीट, दिला, तेव्हा कुठे जीभ ताळ्यावर आली. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पेरतात, हे सांगितल्यावर तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

दुपारी आम्ही रिक्षानं निघालो. देवळीच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस, मधे मधे तूर. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते भरलेले असतात, इथे कापसाच्या. एका ठिकाणी रिक्षावाल्यानं वेग कमी केला आणि आपणहून सांगायला लागला.

"इथंच गेलतं थे पोरगं, मागच्या साली. लय जोरात होतं म्हणते. आजकालचे पोट्टे गाडी चालवत नाई, उडवतेत."

"तुम्ही पाह्यलं होतं का?" प्रज्ञानं विचारलं.

"मी काऊन पाहीन? पण सब्बेच सांगतेत ना."

सुगत आपला भाऊ होता हे प्रज्ञानं त्याला सांगितलं नाही. मी तोंड उघडणार होते, तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

गावाचं नाव लिहीत नाही. शोभाकाकूंचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, झाडून लख्ख ठेवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाजूला सुगतचा फोटो, कॉलर ताठ आणि हसू दाबलेलं. काकू पन्नाशीच्या, सडपातळ. बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी चिरलेली.

"जय भीम मॅडम. लय दुरून आल्या. बसा."

चहा झाला. त्यांनी उगाच काही विचारलं नाही, थेट मुद्द्यावर आल्या. "गणितानं समजते का, तो जोरात होता का हळू?"

"समजतं," मी म्हणाले.

"पोरगा गेला थे तं आता परत येत नाई. पण त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीबी माणसं आंगनात बसून हेच बोलून राह्यलते, का आपल्याच हातानं मेला. मेल्यावर नावं ठेवतेत त्याले. तो जोरात चालवत नव्हता मॅडम. मले ठाऊक हाये. पण माह्यं कोनी आयकत नाई."

"मोजू आणि बघू," मी म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच म्हणाले. आकडे काय निघतील ते मला माहीत नव्हतं आणि ते विरुद्ध निघाले तर तसं सांगावं लागेल, हेही मी त्यांना बजावलं. त्यांनी मान डोलावली.

वावर, दुसरा दिवस

इथे शेताला वावर म्हणतात आणि बांधाला धुरा. आमची पाणंद ती यांची पांदण. जागा अशी आहे. डांबरी रस्ता सरळ. देवळीकडून आलं की आधी पुलिया लागते, म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल. तिथला एक स्लॅब सुटलेला आहे, त्यावरून चाक गेलं की खडाक असा आवाज होतो. पुढे डावीकडून पांदण काटकोनात येऊन मिळते. पांदणीच्या कडेनं पुरुषभर उंच तूर, त्यामुळे आतून येणारा ट्रॅक्टर दिसत नाही. रस्त्याच्या उजवीकडे काकूंचं दोन एकर वावर. सुगत आला तो पुलियाकडून, ट्रॅक्टर त्याच्या डावीकडून, आणि काकू उजवीकडे वावरात.

मी टेप आणली होती. प्रज्ञा एका टोकाला, मी दुसऱ्या. तीनदा मोजलं. पुलियाच्या स्लॅबपासून पांदणीच्या तोंडापर्यंत शहाण्णव मीटर. शेवटच्या वेळी रस्त्याच्या कडेला माझा पाय काळ्या मातीत गेला. चप्पल आतच राहिली आणि पाय मोकळा बाहेर आला. प्रज्ञानं काडीनं चप्पल उकरून काढली. साताऱ्याच्या मातीनं मला असा दगा कधी दिला नाही.

मग मी धुऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकली मोजल्या. खडाक झालं की घड्याळ सुरू, पांदणीपाशी बंद. पाच सेकंद, साडेपाच, पाच, सहा. म्हणजे ताशी साठ-सत्तर. पांढऱ्या कपड्यांतले एक वयस्क गृहस्थ साडेचार सेकंदांत गेले. त्यांनी आम्हाला ओळख दाखवून हात केला. काकू म्हणाल्या, सुगत उडवत होता असं सगळ्यात आधी यांनीच सांगितलं.

आता झाडाचा हिशोब राहिला. मी मोबाइल हातात धरून समोर उभी राहिले आणि काकूंना म्हटलं, वेचा. त्यांनी एक झाड अशा काही झपाट्यानं वेचलं की मला बटण दाबायला वेळ मिळाला नाही. परीक्षक समोर असला की मुलांचंही असंच होतं. "काकू, रोजच्यासारखं वेचा." पुन्हा तोच झपाटा. मग मी मोबाइल पदराखाली घेतला, विषय बदलला, त्यांच्या मागे मागे चालत राहिले. तुरीचं विचारलं, पावसाचं विचारलं. त्या बोलत होत्या आणि दोन्ही हात चालत होते, डोळे भलतीकडेच. कापूस कमरेच्या ओटीत जात होता. तासाभरात मधूनमधून मी चाळीस झाडं मोजली. एका बोंडाला सेकंद आणि वर किंचित. एका झाडावरून दुसऱ्यावर सरकायला थोडा वेळ. घड्याळाला लाज वाटेल इतकं सारखं.

"त्या दिवशीच्या झाडाला किती बोंडं होती?"

"सहा. एक किडकं होतं, थेबी घेतलं."

"एवढं नक्की आठवतं?"

"थे झाड मी इसरीन का मॅडम?"

"मधे हात थांबला होता का? सुगतला बघायला?"

"हात थांबत नाई. डोळ्यानं पाहू शकते ना मी."

सहा आणि दोन, आठ बोंडं. नऊ सेकंद. मी वहीत चित्र काढलं. शहाण्णव भागिले नऊ. सेकंदाला दहा मीटर आणि थोडं वर. ताशी अडतीस किलोमीटर.

मी आकडा सांगितला तेव्हा काकू खालीच बसल्या, दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधल्या मातीत. "अडतीस," त्या म्हणाल्या. "अडतीस म्हंजे हळू ना?"

"हळू. आज मोजलेल्या सगळ्या गाड्यांपेक्षा हळू."

त्या रडल्या नाहीत. पदरानं चेहरा पुसला आणि ओटीतला कापूस उगाच दाबून बसवला. वर्षभर जे एकटीच सांगत होत्या, ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत होतं. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. इथे मी थांबायला हवं होतं.

पण गणित पूर्ण झालं नव्हतं, आणि अर्धवट सोडवलेलं उदाहरण मला झोपू देत नाही. दुपारी पांदणीतून दुसराच एक, पण त्या दिवशीच्यासारखाच कापूस भरलेला ट्रॅक्टर चढत आला. चढ असल्यामुळे अगदी सावकाश. तुरीच्या शेवटच्या ओळीतून त्याचं नाक बाहेर पडल्यापासून ते सुगतच्या वाटेत येईपर्यंत आठ मीटर. चार सेकंद लागले. मी वहीतल्या चित्रात काटकोनात दोन बाण काढले. एक सेकंदाला दोन मीटरनं पुढे सरकणारा, दुसरा जवळजवळ पावणेअकरा मीटरनं. ट्रॅक्टर तुरीबाहेर दिसला त्या क्षणी सुगत किती लांब होता? चार सेकंद म्हणजे त्रेचाळीस मीटर. त्या वेगाला थांबायला किती लागतात? दचकायला एक सेकंद, मग ब्रेक, सगळे मिळून बावीस-तेवीस.

"त्रेचाळीस!" मी मोठ्यानं म्हणाले आणि उत्तराखाली सवयीनं दोन रेघा ओढल्या. "थांबायला तेवीस पुरे होते. निम्म्यात थांबला असता!"

फळ्याकडे तोंड करून शिकवताना मागे वर्ग गप्प झालेला कळतो, तसं मला कळलं. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. काकूंचे हात थांबले होते. दिवसभरात पहिल्यांदा.

"मंग थांबला काऊन नाई?" त्या म्हणाल्या.

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही मुलानं विचारला नव्हता. माझ्या उदाहरणांतल्या गाड्या ठरल्या वेगानं येत आणि ठरल्या ठिकाणी भेटत. त्यांच्यावर बसलेलं माणूस कुठे बघत होतं, हे मी कधी लिहिलंच नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, ब्रेक नादुरुस्त असेल वगैरे.

"ब्रेक चांगला होता," काकू म्हणाल्या. "आदल्या दिवशीच कसून आनलता त्यानं." आणि त्या पुढच्या झाडाकडे सरकल्या.

संध्याकाळी त्यांनी जेवायला घातलं. वांगे-सोल्यांची भाजी, म्हणजे तुरीचे ओले दाणे घातलेली, आणि ज्वारीची भाकरी. आमच्याकडे तुरीची डाळच खातात, ओले दाणे मी प्रथमच खाल्ले. भाजी फार चांगली होती. काकूंनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, पण भाकरी मोडलीच नाही. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, सकाळी एक डाव येजा. जायच्या आंधी."

तिसरा दिवस, सकाळ

माझी गाडी दुपारची होती. आम्ही आठला पोचलो. प्रज्ञानं कोर्टात द्यायचा कागद तयार केला होता, माझी वही समोर ठेवून. काकू दारातच बसल्या होत्या. चहाचं नाव नाही.

"एक इचारू मॅडम? आवाज पोचाले किती वेळ लागते?"

"कसला आवाज?"

"मानसाचा. मी इथून वरडली आन् थो रस्त्यावर हाये. किती वेळात पोचन?"

त्या वेचत होत्या तिथून रस्ता पन्नास मीटर. सेकंदाचा सातवा भाग. उत्तर माझ्या तोंडात आलं आणि तिथेच थांबलं, कारण त्यांचा चेहरा मला दिसत होता.

"काकू, तुम्ही हाक मारली होती?" प्रज्ञानं हळूच विचारलं.

"ढग आलते त्या दिवशी. कापूस उघडा पडला होता वावरात. मी म्हनली, सुगत, घरून ताडपत्री आनजो." त्या माझ्याकडेच बघत होत्या. "कोनी इचारलं नाई, मी सांगतलं नाई. मले वाटे, त्याचा काय संबंध. काल तुम्ही म्हनल्या, लय वेळ होता त्याच्यापाशी. रातभर हिशोब केला. सहावं बोंड तोडता तोडता वरडली मी. किडकं होतं थे."

मी मनात मोजलं. मोजायचं नव्हतं, पण मोजलं गेलं. धडकेच्या तीन-साडेतीन सेकंद आधी. ट्रॅक्टर नुकताच तुरीबाहेर आलेला, डावीकडे. आणि हाक उजवीकडून.

आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं. "काकू, ढग होते म्हणजे वारा असणार. त्यात गाडीचा आवाज. पन्नास मीटरवर हाक ऐकू जात नाही. त्याला ऐकूच आली नसेल."

"पोचली मॅडम," काकू म्हणाल्या. "त्यानं माह्याकडं पाह्यलं. हो म्हून मान हालवली."

घरामागे कुणीतरी हातपंप मारत होतं. मला त्या वहीचा, त्या दोन रेघांचा, माझ्या मोठ्या आवाजाचा संताप आला. न मोजता परत गेले असते, तर या बाईला निदान रात्री झोप तरी लागली असती.

प्रज्ञा वकील आहे, ती आधी सावरली. तिनं काकूंचा हात हातात घेतला. "काकू, हाकेचं कोनी इचारलं नाई. आपन कागदात नाई टाकलं तं चालते. वेगाचं तेवढं देऊ. अडतीस."

"नाई चालत."

"काऊन?"

"थो वकील इचारन, हळू होता तं थांबला काऊन नाई. मंग काय सांगशीन? पेला होता? झोपेत होता? पुन्हा त्याच्यावरच येईन." काकूंनी हात सोडवून घेतला. "ब्रेकची खूण काऊन नाई, थेबी त्यातच येते. हाक टाकली का सब्बं जुळते. जुळते ना मॅडम?"

मी वही मिटली.

"तुम्ही मास्तरीण हाये. सांगा. जुळते का नाई?"

"जुळतं," मी म्हणाले.

"मंग लिहा. थो जोरात नव्हता, हे पयले लिहा. मंग माही हाक लिहा."

प्रज्ञानं कोरा कागद माझ्याकडे सरकवला, म्हणून लिहायला मी घेतलं. पुलिया ते पांदण शहाण्णव मीटर, नऊ सेकंद, ताशी अडतीस किलोमीटर. त्याखाली, त्या वेळी मी त्याला हाक मारली, त्याने माझ्याकडे पाहिले व मान हलवली. शिकवताना मी अक्षरावर फार बोलायचे. त्या दिवशी माझं स्वतःचं अक्षर मला ओळखू आलं नाही.

काकूंनी सही करण्याआधी कागद दोनदा वाचायला लावला. पहिल्यांदा मी वाचला. दुसऱ्यांदा वाचताना मी हाकेपाशी अडले, तेव्हा शेवटची ओळ काकूंनी स्वतःच पूर्ण केली, आणि पेन मागितलं.